कंपाउंड धनुष्याची ओढ मऊ करायची असेल तर नेमके काय बदलावे?

बाणेरचा_बाण (प्रश्न):
नमस्कार. मी पुण्यात राहतो आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्याचा सराव करतो. वय पंचेचाळिशीच्या पुढे आहे. दोन कॅमचे (टोकांवरच्या चाकांचे), ५० ते ६० पाउंडांच्या लिंबचे (वाकणाऱ्या भुजांचे) हे धनुष्य मी वापरलेले विकत घेतले असून सध्या त्याचे ओढीचे वजन ५८ पाउंडांवर लावलेले आहे. ओढायला सुरुवात करताच सगळे वजन एकदम हातावर येते, बराच वेळ तसेच राहते आणि शेवटी लेट-ऑफ लागताना, म्हणजे ओढीचे वजन एकदम उतरताना, खांद्याला झटका बसतो. सराव संपेपर्यंत उजवा खांदा भरून येतो. मैदानावर कोणी कॅम बदलायला सांगतात, तर कोणी नवे धनुष्यच घ्या म्हणतात. मला ५० मीटरवर निवांत नेमबाजी करायची आहे, वेगाची हौस नाही. बेताच्या खर्चात काय करता येईल, याबद्दल जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

मुळशीकर:
आपण लक्षण नीट सांगितले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे जाते. कॅमला हात लावण्याआधी वजन, ड्रॉ लेंथ (पूर्ण ओढीची लांबी) आणि केबलचे (कॅमना जोडणाऱ्या दोऱ्यांचे) घर्षण या तीन गोष्टी याच क्रमाने तपासाव्यात, असे माझे मत आहे.

वजन जास्त आहे की नाही, हे ओळखण्याची जुनी परीक्षा अशी: खुर्चीवर बसावे, दोन्ही पाय जमिनीवरून उचलावेत, बाण लावून धनुष्य लक्ष्याच्या रेषेत धरावे आणि तिथूनच सरळ मागे ओढावे. हात आकाशाकडे गेला किंवा कंबर मागे झुकली, तर ते वजन आपल्याला झेपणारे नाही. जागतिक नियमांत कंपाउंडसाठी ६० पाउंड ही कमाल मर्यादा आहे, आणि ती गाठलीच पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही. ५० मीटरवरच्या ८० सेंटिमीटरच्या लक्ष्यासाठी ५० पाउंड पुरेसे होतात.

लिंब पॉकेटला (लिंब बसतो त्या खोबणीला) कडेने लॉक स्क्रू असेल तर आधी तो सैल करावा. मग दोन्ही लिंब बोल्ट पूर्ण आवळून घ्यावेत आणि तिथून मोजत सोडावेत; वरच्या बोल्टला जितके फेरे, तितकेच खालच्याला. बहुतेक धनुष्यांत एका पूर्ण फेऱ्याला साधारण दोन ते तीन पाउंड कमी होतात, पण खरा आकडा काट्यावर मोजूनच धरावा. उत्पादकाने सांगितलेल्या फेऱ्यांच्या पलीकडे मात्र जाऊ नये, कारण बोल्टचे पुरेसे आटे रायझरमध्ये (धनुष्याच्या मधल्या भागात) राहिले नाहीत तर ताणलेला लिंब जागेवरून निसटतो.

दुसरी बाब ड्रॉ लेंथची, आणि माझा खरा संशय इथेच आहे. वापरलेले धनुष्य आधीच्या मालकाच्या हाताच्या मापाने लावलेले असते. ते अर्ध्या इंचाने जरी लांब असले तरी ओढणाऱ्या हाताचे कोपर मागे फिरते, धनुष्याचा खांदा वर चढतो आणि सगळा भार पाठीऐवजी खांद्याच्या सांध्यावर येतो. आपल्या कॅमवर फिरवता येणारे मॉड्यूल (ड्रॉ लेंथ ठरवणारा तुकडा) असेल तर ते एक घर कमी करून पाहावे. बऱ्याच कॅममध्ये त्यामुळे कमाल वजनही थोडे उतरते.

शेवटच्या झटक्याचे कारण मात्र कॅमच्या आकारात असते. वेगासाठी घडवलेला कॅम वजन पटकन शिखरावर नेतो, तिथेच रेंगाळतो आणि मग एकदम सोडून देतो. मऊ कॅमची चढण लांब आणि उतरण सावकाश असते. त्यात साठणारी ऊर्जा कमी, म्हणून बाणाचा वेगही थोडा कमी. बोल्ट सोडल्याने या चढणीची उंची घटते, आकार तोच राहतो. म्हणून वजन आणि माप जमल्यावरही झटका राहिलाच, तर त्याच कंपनीचे मऊ ओढीचे मॉड्यूल किंवा कॅम मिळतो का, हे विचारावे. दुसऱ्या कंपनीचा कॅम बसवण्याचा किंवा आहे तो घासून गोल करण्याचा विचारही करू नये.

प्रत्यंचा_पुणे:
मुळशीकरांशी बहुतांशी सहमत आहे, फक्त वजन फार उतरवण्याबाबत माझा थोडा आक्षेप आहे. ५८ पाउंड आणि ८० टक्के लेट-ऑफ असेल तर पूर्ण ओढीवर हातात साडेअकरा-बारा पाउंड राहतात. ५० पाउंडांवर तेच दहा होतात. वजन फारच हलके झाले की लक्ष्याचा ठिपका स्थिर राहण्याऐवजी नाचू लागतो, आणि हात जरा पुढे सरकला की कॅम धनुष्य हिसकावून घेतो. म्हणून एकेक फेरा सोडून काही दिवस सराव करावा, मगच पुढचा. वजन बदलले की साइटच्या (नेम धरण्याच्या साधनाच्या) खुणा बदलतात, आणि आधीचे बाण नव्या वजनाला जास्त ताठ ठरू शकतात, हेही लक्षात ठेवावे.

केबलच्या घर्षणाबद्दल सविस्तर कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. आपल्या धनुष्याला केबल बाजूला धरून दांडीवर सरकणारी प्लास्टिकची स्लाइड असेल, तर ती काढून तिच्या भोकाची आतली बाजू उजेडात पाहा. एका अंगाला झिजून चर पडला असेल, तर ओढ करकरत येते आणि कॅमला दोष दिला जातो. स्लाइड हा स्वस्त भाग आहे, तो नवा घालावा. दांडी कोरड्या फडक्याने पुसावी, तेल लावू नये. आपल्याकडच्या धुळीत तेलाची लगेच पेस्ट होते. स्ट्रिंगला लव सुटली असेल तर मेण लावून बोटांनी चोळून जिरवावे. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत धनुष्य ठेवत असाल तर ती सवय आधी सोडा, उन्हात स्ट्रिंग आणि केबल ताणल्या जातात आणि कॅमचा मेळ (दोघांचे एकाच वेळी फिरणे) बिघडतो.

बाणेरचा_बाण:
आपणा दोघांचे मनःपूर्वक आभार. स्लाइडला खरोखरच एका बाजूने नखाएवढा चर पडलेला दिसला. आता दोन शंका आहेत. कॅमचा मेळ घरी कसा तपासावा? आणि मॉड्यूल बदलण्यासाठी घरगुती बो प्रेस (लिंब दाबून केबल सैल करणारे साधन) बनवून घेतला तर चालेल का?

मुळशीकर:
मेळ तपासण्यासाठी बाण लावून, लक्ष्यासमोर उभे राहून सावकाश पूर्ण ओढा आणि जोडीदाराला बाजूने पाहायला सांगा. वरच्या आणि खालच्या कॅमचे थांबे (ओढ जिथे अडते ते खुंटे) एकाच वेळी टेकले पाहिजेत. एक आधी टेकला तर शेवटी दोन वेगवेगळे धक्के जाणवतात. आपला झटका कदाचित तोच असेल, आणि तसे असल्यास केबलला थोडा पीळ देऊन तो जातो. बाण न लावता ओढू नये, कारण रिलीज (स्ट्रिंग धरून सोडण्याचे साधन) चुकून सुटला तर लिंब आणि कॅम दोन्ही फुटू शकतात.

बरीच मॉड्यूल नुसते स्क्रू सैल करून फिरतात, त्यांना प्रेस लागतच नाही. केबलला पीळ द्यायला मात्र प्रेस लागतो, आणि घरगुती प्रेसला माझा स्पष्ट विरोध आहे. हल्लीच्या धनुष्यांचे लिंब जवळजवळ आडवे असतात, त्यांना टोकाशीच नेमका आधार लागतो; भलत्या जागी दाब पडला तर लिंबला तडा जातो, नाहीतर तो सुटून तोंडावर येतो. बालेवाडीकडे सराव करणाऱ्यांपैकी कोणाच्या प्रशिक्षकाकडे योग्य प्रेस आहे, याची चौकशी करा आणि ते काम त्यांच्याकडूनच करून घ्या.