चुकीचा पत्ता टाकला की जाहिरातीचं पान: नेट कंपन्यांना हे करू द्यायचं का?

मुसाफिर:
माझं मत आधीच सांगते, हे बंद व्हायला पाहिजे. जे नाव अस्तित्वातच नाही त्यासाठी डीएनएस सर्व्हरने (साईटच्या नावावरून तिचा आयपी, म्हणजे नेटवरचा आकडी पत्ता, सांगणाऱ्या सर्व्हरने) 'एनएक्सडोमेन' म्हणजे 'असं नाव नाही' एवढंच सांगायचं असतं, पण काही कंपन्यांचे सर्व्हर त्याऐवजी स्वतःच्या जाहिरात सर्व्हरचा आयपी देतात. आमच्याकडे बाबांनी बँकेचा पत्ता टाकताना एक अक्षर गाळलं तर सर्चचा डबा आणि खाली पर्सनल लोनच्या लिंका असलेलं पान उघडलं, त्यांना ते बँकेचंच वाटलं आणि त्यातली एक लिंक दाबलीसुद्धा. महिन्याच्या महिन्याला पैसे भरतो ते खरं उत्तर मिळावं म्हणून ना?

केबलमास्तर:
असहमत. मी तालुक्याच्या गावात कनेक्शन देतो. पत्ता चुकला आणि ब्राउझरने एरर दाखवली की लोक सरळ मला फोन लावतात, 'नेट बंद आहे'. सर्चचं पान आलं तर निदान कळतं की नेट चालू आहे, पत्ता चुकलाय. आणि दर बघा हो, वायर तुटली की खांबावर माणूस चढवायचा, वरच्या कंपनीला बँडविड्थचे पैसे द्यायचे, त्यात चार पैसे जाहिरातीतून आले तर कोणाचं काय बिघडलं? नको असेल त्याने बंद करून घ्यावं.

जुना_ॲडमिन:
बिघडतं, कारण डीएनएसला विचारणारा दरवेळी ब्राउझर नसतोच. मेल सर्व्हर विचारतो, प्रिंटर विचारतो, ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणारा प्रोग्रॅम, विचारतो. व्हीपीएन बंद असताना लॅपटॉपने आतल्या फाईल सर्व्हरचं नाव विचारलं तर 'नाही' हे उत्तर यायला हवं, इथे जाहिरातवाल्याचा आयपी येतो आणि प्रोग्रॅम तिथे जोडायचा प्रयत्न करत लटकून राहतो.
२००३ साली डॉटकॉम आणि डॉटनेट नावं सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने साईट फाइंडर नावाने हेच त्या सगळ्या नावांसाठी केलं होतं. पाठवणाऱ्याचं डोमेन खरंच आहे का हे तपासणारे स्पॅम फिल्टर त्या बाबतीत आंधळे झाले, कारण आता प्रत्येक खोटं नाव 'आहे' असंच दिसायला लागलं. १५ सप्टेंबरला सुरू केलेलं नेटवरच्या नावांची देखरेख करणाऱ्या आयकॅन संस्थेच्या दबावामुळे ४ ऑक्टोबरला बंद करावं लागलं.

केबलमास्तर:
ती रजिस्ट्री होती, म्हणजे नावांची मूळ नोंद ठेवणारी कंपनी, तिने सगळ्या जगावर लादलं. माझ्या ग्राहकाला सेटिंगमध्ये ८.८.८.८ हा गूगलचा डीएनएस टाकून बाहेर पडता येतं, विचारलं तर मी स्वतः करून देतो.

मुसाफिर:
तुम्ही द्याल हो, पण ज्याला माहीतच नाही तो विचारणार कसा? काही ठिकाणी तर 'बंद करा' दाबलं की फक्त ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे एक छोटी नोंद, बसते, डीएनएसचं खोटं उत्तर तसंच चालू राहतं आणि एररसारखं दिसणारं पान तेवढं दाखवतात, याला बंद करणं म्हणायचं का?

दुपारचा_चहा:
मला मदतीचं पान आवडतं, खरंच. आईला इंग्रजी एरर बघून घाबरायला होतं.

जुना_ॲडमिन:
मदत ब्राउझरने करावी, तिथे तुम्हाला सेटिंग बदलता येतं. सुरक्षेचाही प्रश्न आहे. २००८ मध्ये सुरक्षा संशोधक डॅन कामिन्स्कीने दाखवलं होतं की अमेरिकेतल्या अर्थलिंक या नेट कंपनीसाठी अशी पानं पुरवणाऱ्या बेअरफ्रूट कंपनीच्या सर्व्हरमध्ये भोक होतं, त्यामुळे मोठ्या साईटच्या नसलेल्या सबडोमेनवरून (साईटच्या नावाआधी आणखी शब्द जोडलेल्या पत्त्यावरून) त्या साईटच्या नावाखाली हल्लेखोराचा कोड चालवता येत होता. म्हणजे साईटवाल्याची काहीच चूक नाही, तरी धोका त्याच्या ग्राहकाला. शिवाय डीएनएसएसईसीत, म्हणजे डीएनएसचं उत्तर खरं आहे का हे तपासायच्या पद्धतीत, उत्तरावर डिजिटल सही असते, खोटं उत्तर तिथे टिकत नाही. अमेरिकेतल्याच कॉमकास्ट या नेट कंपनीने २०१२ मध्ये डीएनएसएसईसी आणताना आपली अशी सेवा त्यासाठीच बंद केली.

केबलमास्तर:
भोकाचं पटलं, सर्व्हर दुसऱ्याचा आणि नाव आपलं जाणार. पण मग उत्पन्नाचं काय करायचं तेही सांगा, दर वाढवला की निम्मे लोक शेजारच्याकडे जातात.

मुसाफिर:
दोन प्लॅन ठेवा. जाहिरातवाला थोडा स्वस्त, आणि फॉर्म भरतानाच मराठीत लिहून द्या की चुकलेल्या पत्त्यावर काय दिसेल. ज्याला चालेल तो सही करेल, मी नाही करणार.