सॅलिसिन सालीत, लाकडात मात्र मेण

वर कुणीतरी ॲस्पेनच्या (पॉप्लरच्या जातीतलं झाड) लाकडातून सॅलिसिन (ॲस्पिरिनशी नातं असलेलं कडू द्रव्य) काढतात असं लिहिलंय. थोडी गल्लत होतेय. सॅलिसिन, त्याचंच भावंड ट्रेम्युलॉइडिन वगैरे मंडळींचा मुक्काम मुख्यतः सालीत नि पानांत. लाकडाचा भुसा ॲसिटोनमध्ये उकळला तर हाती लागतात मेद, मेणं आणि सिटोस्टेरॉलसारखी स्टेरॉल्स (कोलेस्टेरॉलची वनस्पतींतली भावंडं). पाइनमधली रेझिन आम्लं (राळेतली आम्लं) इथे नसतातच, आणि कागद कारखान्यांची डोकेदुखी म्हणजे नेमकं हे नसणंच! पाइनचा लगदा शिजवताना त्या आम्लांचा अल्कलीत साबण होतो, तो बाकीचा चिकटा (लाकडातली मेदाळ, चिकट द्रव्यं) धुऊन नेतो. ॲस्पेनमध्ये साबण अपुरा पडतो, मग चिकटा यंत्राच्या जाळीवर बसतो नि कागदावर काळपट ठिपके उमटतात. गंमत म्हणजे उपाय म्हणून पाइनचंच टॉल ऑइल (पाइनचा लगदा शिजवताना मिळणारं, रेझिन आम्लं असलेलं तेल) घालतात. नाहीतर लाकडाच्या चिपांचा ढीग मुरत ठेवायचा, त्यात बराचसा मेद आपोआप फुटतो.