तैवानी जिन्नस वापरले, तरी ती काइसेकीच का?

प्रश्न : काइसेकी हे ऋतूनुसार एकेक पदार्थ वाढले जाणारे जपानी भोजन आहे. तैपेईत ते स्थानिक जिन्नस घेऊन केले, तर त्याचे जपानीपण उरते का?

उत्तर १ : उरते, कारण ते मुख्यतः दाशीत, म्हणजे कोम्बू (वाळवलेले समुद्री शेवाळ) आणि कात्सुओबुशी (वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस) यांच्या निथळ अर्कात असते. ऋतू मात्र सरकतो : जपानात बांबूचे कोंब वसंतात येतात, तर तैवानच्या हिरव्या बांबूचे कोंब उन्हाळ्यात, आणि ते इतके गोड असतात की उकडून गार केलेल्या जाड फोडी नुसत्या वाढल्या तरी चालतात.

उत्तर २ : बोई माशाची खारवून वाळवलेली गाबोळी तर दोन्हीकडची, जपानी तिला कारासुमी म्हणतात. तैवानच्या अतायल आदिवासींच्या लिंबासारख्या वासाच्या मागाओ मिरीचा एक दाणा जास्त पडला, तर मात्र दाशी हरवते.