मदत हवी आहे: कुत्री हर्डलवरून उडीच मारत नाही

केतकीपान:
स्पर्धा तोंडावर आली आहे आणि आमची कुत्री हर्डलवरून उडीच मारत नाही. आधी छान मारायची. आता फळीजवळ येते, कान पाडते आणि बाजूने निघून जाते. जास्त चांगल्या ट्रीट देऊन पाहिल्या. ओरडण्याचा प्रश्नच नाही, फार हळवी आहे. माझा नुसता आवाज चढला तरी जांभया देत ओठ चाटत बसते. लवकर सांगा प्लीज. आणि "संयम ठेवा" नको, तो ठेवून झालाय.

रानवारा:
जात? वय? फळीची उंची? खाली जमीन कसली आहे?

घरकोंबडा:
आमच्याकडेही उड्यांचा फार त्रास होता. पाहुणे आले की थेट अंगावर. उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच कौतुक. सुटली सवय.

केतकीपान:
@घरकोंबडा अहो, मला तिला उडी मारायला लावायची आहे!
@रानवारा शेल्टी, तीन वर्षांची. खाली रबरी मॅट. उंची नियमाप्रमाणे. जातीने काय फरक पडतो?

रानवारा:
पडतो. शेल्टी आवाजाला बिचकतात. तिच्यासमोर फळी कधी पडली होती का?

केतकीपान:
हो, एकदा पाय लागून पडली. पण तिला काहीच लागलं नव्हतं.

रानवारा:
हे आधी सांगायचं ना! लागावं लागत नाही, धाडकन आवाज पुरतो. फळी काढा, नुसती दांडी जमिनीवर ठेवा आणि त्यावरून चालत न्या. खाऊ दांडीपलीकडे, जमिनीवर, म्हणजे डोकं खाली राहील आणि ती तुमच्या तोंडाकडे बघत उडणार नाही. मग बोटभर उंची, मग आणखी थोडी. नवीन जागी गेलात की पुन्हा एक पायरी खाली. आवाजाची सवय वेगळ्या वेळी करा: लांबवर कोणीतरी फळी हळूच आपटायची, हिला खाऊ.

जुनाखेळाडू:
एवढे लाड कशाला? पट्टा लावा आणि सोबत पळत हर्डलवरून घेऊन जा. कुत्र्याला पर्यायच ठेवायचा नाही. माझे जर्मन शेफर्ड असेच तयार झालेत.

रानवारा:
पट्टा ताणला की मान वर जाते, पाठ आवळते, उडी सपाट होते आणि मागचा पाय फळीला लागतो. म्हणजे ज्याची भीती तेच पुन्हा घडवायचं. तुमचे शेफर्ड तुमच्यापाशी ठेवा.

जुनाखेळाडू:
पुस्तकी ज्ञान. मैदानात या.

चौथापाय:
भांडण नंतर. जी उडी आधी सहज मारायची ती टाळतेय, तर आधी दुखणं बघा. मांडीच्या आतला स्नायू, गुडघ्याचं लिगामेंट, पाठ. व्हेटकडे नेलंत?

केतकीपान:
दुखत असतं तर दिवसभर पळाली असती का? सोफ्यावर पण चढते.

चौथापाय:
पळण्यावरून काही ठरत नाही. चढताना मागच्या पायांवर जोर येतो, हर्डलवरून उतरताना सगळा भार पुढच्या पायांवर. सोफ्यावरून *उतरते* कशी, उडी मारून की घसरत? आणि शेल्टीच्या पंजात केस वाढतात, ते कापा. मॅटवरसुद्धा पाय सरकतो.

मऊशेपूट:
अवांतर: शेल्टीचे केस घरभर होतात का हो? घ्यायचा विचार आहे.

नियमपुस्तक:
उंची नेमकी कोणत्या नियमाची? प्रत्येक संस्थेचं वेगळं असतं. अमेरिकन केनेल क्लबमध्ये तर लांब उडीचं अंतर उंच उडीच्या दुप्पट धरतात.

केतकीपान:
लांब उडीचं कोणी विचारलंय? उतरते व्यवस्थित, उडी मारूनच. आणि जाताना तर हर्डलवरून नीटच जाते. पलीकडे फेकलेलं डम्बेल (दोन्ही टोकं जाड असलेला, उचलून आणायचा दांडका) तोंडात घेऊन परत येताना फक्त बाजूने येते.

रानवारा:
अहो ताई!! "उडीच मारत नाही" म्हणालात ना? घोडं इथे पेंड खातंय. फळी पडली तेव्हाही तोंडात डम्बेल होतं का?

केतकीपान:
हो. असणारच ना, परत येत होती.

रानवारा:
मग भीती फळीची कमी, डम्बेल घेऊन उडण्याची जास्त. डम्बेलची टोकं मोठी आहेत का? समोरचं झाकलं जातं. लहान टोकांचं आणा. तुम्ही फेकता तेव्हा ते हर्डलच्या रेषेत, पुरेसं लांब पडतं का? तिरकं पडलं तर तिचा सरळ रस्ता बाजूनेच. जवळ पडलं तर धाव घ्यायला जागा नाही. सध्या फेकू नका, हाताने मधोमध नेऊन ठेवा. हर्डलच्या दोन्ही बाजूंना जाळी लावा, उंची अगदी कमी. आणि समोर वाकून उभ्या राहू नका, हळवी कुत्री त्यानेच थबकते.

चौथापाय:
सगळं पटलं. तरी व्हेटकडे न्याच.

केतकीपान:
शनिवारची वेळ घेतली आहे. आज दांडी जमिनीवर, बाजूंना जाळी. मोकळ्या तोंडाने उड्या मारत आली. डम्बेल दिलं तर दांडीपाशी थांबली, खाली टाकलं आणि मग आली. पुन्हा उचलायला लावू का?

रानवारा:
नको. आली ना, खाऊ द्या. डम्बेल धरून चालणं हर्डलपासून लांब, वेगळं पक्कं करा. दोन्ही इतक्यात एकत्र करू नका. यंदाच्या स्पर्धेतून नाव काढता आलं तर काढा.

जुनाखेळाडू:
काढा नाव. पट्ट्याने पंधरवड्यात झालं असतं.