हैदराबाद स्क्वॉड्रनचं स्पिटफायर: शेपटीची पट्टी ठेवू का काढू?

परभणीकर_७२
नमस्कार मंडळी. स्पिटफायर मार्क वन या दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं १/७२ मापाचं मॉडेल बनवायलो. किटमधले डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हं) नाही वापरायचे, मला ब्रिटिश हवाई दलाच्या १५२ हैदराबाद स्क्वॉड्रनचं (तुकडीचं) विमान करायचंय, त्या तुकडीच्या यूएम अक्षरांचं, ऑगस्ट १९४० मधलं. निजामानं देणगी दिली म्हणून त्या स्क्वॉड्रनला हैदराबादचं नाव मिळालं आणि तेव्हा आपला सगळा मराठवाडा त्याच राज्यात, म्हणजे त्यात आपल्याकडच्या शेतसाऱ्याचा पैसा पण असणारच, म्हणून हे विमान घरात असावं असं लई दिवसापासून मनात आहे. वरचा हिरवा-मातकट कॅमोफ्लाज झाला, खालून स्काय (फिकट हिरवट) रंग मारला, आणि एक रंगीत चित्र बघून शेपटीजवळ स्कायची पट्टी अन् स्पिनर (पंख्याचं टोक) पण स्काय केला. आता जुने फोटो बघायलो तर कशात पट्टी आहे, कशात नाही. काय खरं? दुसरं, यूएम घरच्या इंकजेटवर पारदर्शक डिकल पेपरवर छापलं, पण हिरव्यावर ठेवलं की अक्षरं गायबच होतात. अन् तिसरं, वडील नाराज आहेत. रझाकाराच्या वेळेस आजीला लेकरं घेऊन गाव सोडावं लागलं होतं, ते म्हणतात निजामाचं नाव आपल्या घरात कशाला. त्याचं काय करू कळेना.

देवगिरी_हँगर
पट्टी काढा. शेपटीची स्काय पट्टी आणि स्काय स्पिनर हा ब्रिटिश हवाई दलाचा हुकूम नोव्हेंबर १९४० च्या शेवटी निघाला, ऑगस्टमध्ये स्पिनर काळाच होता. तुमचे दोन्ही फोटो खरे असतील, तारखा वेगळ्या आहेत. त्या एका वर्षात मार्किंग इतक्यांदा बदललं की महिना ठरवल्याशिवाय ब्रश हातात घेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे. बघा, मे १९४० मध्ये राउंडलला (विमानावरच्या गोल चिन्हाला) बाहेरून पिवळं कडं आलं अन् शेपटीवर तिरंगी पट्ट्यांचा फ्लॅश आला, जूनमध्ये खालची काळी-पांढरी अर्धी-अर्धी बाजू जाऊन स्काय आला, पंखाखालचे राउंडल ऑगस्टमध्ये परत आले, अन् नोव्हेंबरच्या हुकमात पट्टीसोबत डावा पंख खालून काळा करायला सांगितला. म्हणजे पट्टी ठेवायची असंल तर डावा पंख पण काळा करा अन् विमान डिसेंबरचं म्हणा. ऑगस्टचं पाहिजे असंल तर पट्टी घासून काढा, दोन तासाचं काम आहे. पंखाच्या वरच्या बाजूचे राउंडल मात्र लाल-निळेच, त्यात पांढरं नाही, तिथं लई जण चुकतात. आणि रंगीत चित्रावर विसंबू नका, ते पण कुणीतरी फोटो बघूनच काढलेलं असतं. एकच विमान धरा, त्याचा सीरियल नंबर धरा. स्क्वॉड्रनच्या रोजच्या नोंदवह्या लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एअर २७ या मालिकेत आहेत, कोणत्या दिवशी कोण कोणतं विमान घेऊन उडालं ते त्यात सापडतं. १५२ वाले जुलै १९४० पासून इंग्लंडमधल्या वॉर्मवेल तळावर होते, तिथून शोधायला लागा.

गोदाकाठ
नांदेडहून. डिकलचं सांगतो. इंकजेटची शाई पारदर्शक असते आणि प्रिंटर पांढरा छापतच नाही, म्हणून करडी अक्षरं हिरव्यात विरघळतात. मी असं करतो, कोऱ्या पारदर्शक डिकल पेपरवर मीडियम सी ग्रे हा करडा रंगच स्प्रे करतो, वाळला की क्लिअर कोट, आणि मग स्टीलची पट्टी लावून नव्या ब्लेडनं अक्षरं कापतो. एम तर सगळा सरळ रेषांचा, यू ची गोलाई तेवढी हळू कापायची. उंची फोटोवरून राउंडलच्या हिशोबानं काढा. विमानाच्या बाजूचं राउंडल ३५ इंची म्हणजे १/७२ मध्ये १२.३ मिलिमीटर, आणि सीरियल नंबर ८ इंची म्हणजे २.८ मिलिमीटर, तो काळा असल्यामुळं इंकजेटवर चालतो.
आणि एक गोष्ट आपल्या भागातली, बोअरच्या पाण्यात डिकल भिजवू नका! क्षार इतके असतात की वाळल्यावर डिकलखाली पांढरे डाग राहतात, माझं नॅट विमानाचं एक मॉडेल असंच वाया गेलं अन् कारण कळायला दोन महिने गेले. घरोघरी इन्व्हर्टरला डिस्टिल्ड वॉटर आणलेलं असतंच, त्यातलं वाटीभर घ्या. एअरब्रश असंल तर सध्या पहाटे सहाच्या आत चालवा, दुपारी ४२-४३ डिग्रीत रंग विमानापर्यंत पोचायच्या आधीच वाळतो अन् हात फिरवला की खरखर लागते.

बालाघाट
मी अंबाजोगाईचा, वय ६८. पहिलं सांगतो, वडिलांशी वाद घालू नका. त्यांच्या आईनं जे सोसलं ते खरं आहे.
हैदराबादचं नाव विमानावर पहिल्यांदा १९४० मध्ये नाही आलं. १९१८ साली ११० स्क्वॉड्रनची पहिली डीएच-९ए विमानं निजामाची भेट होती आणि प्रत्येकावर तसं लिहिलेलं होतं. त्यातलं एफ१०१० नंबरचं जर्मनांच्या हाती लागलं, पुढं पोलंडमध्ये राहिलं आणि आता लंडनच्या आरएएफ (ब्रिटिश हवाई दल) म्युझियममध्ये उभं आहे. १५२ च्या बोधचिन्हात तर निजामाचा दस्तार (पगडी) आहे. हे लपवण्यासारखं नाही अन् मिरवण्यासारखं पण नाही, हा आपला इतिहास आहे, नोंद राहिली पाहिजे.
माझ्या मनात एक येतंय. स्पिटफायरशेजारी आपल्या हवाई दलाचं टेम्पेस्ट हे लढाऊ विमान ठेवा. सप्टेंबर १९४८ च्या हैदराबादवरच्या कारवाईत टेम्पेस्ट उडाली होती, १७ सप्टेंबरला आपण सुटलो. फक्त त्याचं मार्किंग जपून, १९४७ ते १९५० मध्ये आपलं राउंडल बदलत गेलं, म्हणून तारीख असलेला फोटो मिळाल्याशिवाय रंग लावू नका.

परभणीकर_७२
सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमचं लिहिलेलं वडिलांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले टेम्पेस्ट कसं दिसतं दाखव. मोबाईलवर दाखवलं. आता ते म्हणायलेत दोन्ही एकाच लाकडी पाटावर बसव, पाट मी करून देतो, त्यांचं सुतारकाम चांगलं आहे. पट्टी काल रात्री १००० च्या पॉलिश पेपरनं ओली करून काढली, खालचा हिरवा थोडा गेला, तो उद्या पहाटे परत मारतो. काका, टेम्पेस्टचा तारखेसकट फोटो कुणाकडं असंल तर कळवा, कारण पाटाचं माप वडील आत्ताच मागायलेत.