सोलापुरात घरामागची ओसाड जागा: सासूबाईंना हिरवळ हवी, पाणी मात्र मोजकं

वर्षा (सोलापूर)

नमस्कार मंडळी. विजापूर रोडच्या बाजूला आमचं जुनं घर आहे. मागे साधारण 30 बाय 30 फूट मोकळी जागा. सासरे होते तोवर तिथे अबोली, मोगरा, दोन-तीन गुलाब असायचे. ते गेल्यावर कुणी लक्ष दिलं नाही. मधे वरचा मजला चढवला, तेव्हाचे विटांचे तुकडे, उरलेली वाळू, वाळलेला सिमेंटचा माल सगळं तिथेच पडून राहिलं. आता कमरेएवढं गाजरगवत आणि खाली सगळीकडे लव्हाळा. एका कोपऱ्यात मोठा कडुलिंब आहे, त्याच्याखाली बहुतेक दिवसभर सावली असते.

सासूबाई 74 वर्षांच्या. त्यांना सकाळी अनवाणी चालायला हिरवळ हवी आहे आणि पूजेला घरची फुलं. मुलगा सहावीत, त्याला फक्त क्रिकेट. नर्सरीवाले म्हणाले, सगळ्या जागेत मेक्सिकन लॉनचे तयार गालिचे टाकून देतो, आठवड्यात हिरवंगार होईल. पण नळाला रोज पाणी येत नाही. बोअर आहे, त्याचं पाणी मचूळ आणि एप्रिलनंतर धार बारीक होते. माती काळी, चिकट.

आत्ता एप्रिल संपत आलाय. काय करू? खर्च एकदाच झेपेल, म्हणून नीट विचारून करायचं आहे.

निखिल (पुणे)

आमच्याकडे घरासमोर मेक्सिकन लॉन आहे. सावकाश वाढतं, त्यामुळे कापायचं काम कमी. पण पाच-सहा तास चांगलं ऊन लागतं, लिंबाखाली अजिबात नको. आणि गालिचे घेतलेच तर प्रत्येक तुकडा उलटा करून खालची माती बघा. काळ्या-तपकिरी, वाटाण्याएवढ्या गाठी दिसल्या तर तो लव्हाळा. आमच्याकडे तो नर्सरीच्या मातीतूनच आला आणि अजून निघतोय.

शैलाकाकू (मंगळवेढा)

वर्षा, तुला तू म्हणते, माझ्या सुनेच्या वयाची असशील.

आधी गालिचे थांबव. तुझी जागा 900 चौरस फूट, म्हणजे जवळपास 84 चौरस मीटर. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे रोज चार-पाच लिटर पाणी लागतं. म्हणजे दिवसाला साडेतीनशे-चारशे लिटर. ज्या घरात नळाच्या पाण्याची वाट बघावी लागते तिथे एवढं पाणी गवतावर ओतणं मला पटत नाही, आणि तुझ्या बोअरलाही ते मे महिन्यात झेपणार नाही.

सासूबाईंना चालायला चौकोनी मैदान लागत नाही, लांब पट्टा लागतो. सहा फूट रुंद आणि 25 फूट लांब असा पट्टा कर. 150 चौरस फूट झाले, 60-70 लिटरमध्ये भागतं. त्यांच्या फेऱ्याही सरळ होतील, सारखं वळावं लागणार नाही. या वयात गुडघ्यांना तेच बरं. बाकीची जागा फुलांना आणि पोराच्या क्रिकेटला.

गवत हरळीचं लाव. नर्सरीत ‘सिलेक्शन वन’ म्हणून मिळतं तेही हरळीच्याच जातीतलं, पान बारीक असतं, ते चालेल. नाहीतर शेताच्या बांधावरून स्वच्छ हरळी आण, पैसेसुद्धा लागणार नाहीत. ऊन सोसते, तुडवणं सोसते, मचूळ पाणीही बऱ्यापैकी सोसते. पाणी कमी पडलं तर पिवळी पडेल, पण मुळं जिवंत राहतात आणि एका पावसात परत फुटते. वर गणपतीला दूर्वा घरच्या. फक्त तिला सावली चालत नाही, तेव्हा पट्टा लिंबापासून लांब घे.

मात्र हरळीला कुंपण घातल्याशिवाय लावू नकोस. आमच्याकडचे शेतकरी तिला का घाबरतात ते तुला फुलांच्या वाफ्यात दिसेल. पट्ट्याच्या चारी बाजूंनी शहाबादी फरशीचे तुकडे उभे गाडायचे, आठ-नऊ इंच जमिनीत आणि इंचभर वर. जोड घट्ट बसव. वरून जी धावरी, म्हणजे जमिनीवरून सरपटत जाणारी फांदी, फरशी ओलांडून येईल ती दर पंधरवड्याला कापून टाकायची. हे पहिल्या दिवशी केलंस तर पुढची कित्येक वर्षं सुखाची जातील.

आता मातीचं. आमच्या मंगळवेढ्याची काळी माती ज्वारीला सोनं आहे, मालदांडीसारखी ज्वारी याच रानात पिकते. पण उन्हाळ्यात हीच जमीन भेगाळते आणि पावसात चिकट होऊन पाणी धरून ठेवते. गवताची आणि फुलझाडांची मुळं दोन्ही वेळेला अडचणीत येतात. तुझीही माती तशीच दिसते. म्हणून मे महिना पूर्ण मातीला दे. आधी राडारोडा उचलून बाहेर. सिमेंटचा माल खड्ड्यात पुरून वर माती टाकायची असं गवंडी सांगतील, ऐकू नकोस. काळ्या मातीत मुळातच चुना असतो, त्यात सिमेंटची भर पडली की झाडं पिवळी पडतात. खडे-तुकडे चाळणीने चाळून काढ, वेळ लागला तरी चालेल.

मग फूटभर खोदून ढेकळं तशीच उन्हात तापू दे. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन फुकटचं औषध आहे. खोदताना लव्हाळ्याच्या गाठी वेचायच्या. एका गाठीला दोऱ्यासारखं मूळ असतं आणि त्याला पुढची गाठ, माळेत ओवल्यासारखी. वरचं पान उपटलंस तर दोरा तुटतो, खालची गाठ जागेवरच राहते आणि शेजारून नवीन कोंब काढते. म्हणून खुरप्याने खालपर्यंत जायचं, अख्खी माळ उचलायची आणि दगडावर वाळत टाकायची.

मृगाचा पाऊस पडला की लगेच गवत लावायची घाई करू नकोस, हे मी मुद्दाम सांगते. पहिल्या दोन पावसांवर जे उगवायचं ते उगवू दे. राहिलेला लव्हाळा, गाजरगवताचं बी, सगळं वर येईल. ते काढ, आणखी एक पाऊस होऊ दे, पुन्हा काढ. जुलैत, जमीन स्वच्छ दिसली की मगच लावणी. तोवर पट्ट्यावर दोन इंच चांगलं कुजलेलं शेणखत पसरून वरच्या सहा इंचात मिसळून ठेव. साखर कारखान्याची कुजलेली मळी मिळाली तर ती फुलांच्या वाफ्यात घाल, पण गरम असताना नको, वास पूर्ण गेलेला हवा. उतार घराकडून कुंपणाकडे, दहा फुटांना दोन इंच. पाणी साचलं की काळ्या मातीत हरळीसुद्धा कुजते.

लावायला हरळीचे बोटभर तुकडे कर, प्रत्येकाला दोन-तीन पेरं हवीत. चार-चार इंचांवर टोकायचे, एक पेर जमिनीत, टोक वर, आणि पायाने दाबायचं. दोनेक महिन्यांत जमीन झाकली जाते. तीन इंच उंच झालं की पहिली कापणी, पण शेंड्याकडचा फक्त तिसरा हिस्सा. तोवर पोराला त्यावर खेळू देऊ नकोस.

फुलांचं सावकाश लिहिते, हात दुखायला लागला.

अण्णा (बार्शी)

काकूंनी मातीचं छान सांगितलं, मी गाजरगवताचं सांगतो, कारण वर्षाताई आत्ता तेच उपटायला घेतील.

हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकातोंडाला रुमाल, याशिवाय हात लावू नका. सासूबाईंना आणि मुलाला त्या दिवशी मागे फिरकू देऊ नका. याने अंगावर उठणारी खाज काहींना वर्षानुवर्षं सोडत नाही, परागकणांनी दम्याचा त्रास वाढतो. मी हे जवळच्या माणसांत पाहिलंय. हे झाड मूळचं अमेरिकेकडचं. आपल्याकडे ते 1955 च्या सुमाराला पुण्यात दिसलं आणि आज असा एक बांध नाही जिथे ते नाही. एकेक झाड हजारोंनी बी टाकतं आणि ते बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं. पांढरी फुलं यायच्या आत उपटलं तर कंपोस्टमध्ये घालता येतं. फुलं आली असतील तर कंपोस्टमध्ये घालू नका.

मीठ फवारा असं पुष्कळ लोक सांगतील. रस्त्याकडेला एकवेळ ठीक, पण जिथे पुढे फुलं लावायची तिथे कृपा करून फवारू नका, जमीन खारट होते. त्यापेक्षा कुंपणाच्या कडेने टाकळ्याचं बी दाट पेरा. पावसाळ्यात टाकळा इतका दाट येतो की गाजरगवताला जागाच उरत नाही. कोवळ्या पानांची भाजी होते, ती वेगळी. आणि पावसाळ्यात गाजरगवतावर पाठीवर तपकिरी रेघा असलेले छोटे मळकट पांढरे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगे, 1984 मध्ये बंगळूरला मुद्दाम सोडले गेले, गाजरगवताची पानं खाऊन त्याची चाळण करतात.

वर्षा

काकू, अण्णा, किती मनापासून लिहिलंत! सासूबाईंना वाचून दाखवलं. लांब पट्ट्याची कल्पना त्यांना एकदम आवडली. दूर्वांचं ऐकल्यावर तर त्यांनी जागाच दाखवली, तुळशीपासून कुंपणापर्यंत.

दोन प्रश्न. पुढच्या दारात जास्वंद आहे, तिची नवी पानं पिवळी येतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. मागेही तसंच होईल का? आणि लिंबाखाली काय लावू? तिथे काहीच उगवत नाही.

शैलाकाकू (मंगळवेढा)

जास्वंदीला लोह मिळत नाही, तेच मी वर चुन्याचं म्हणत होते. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळे मुळांना ते घेता येत नाही. जुनी पानं हिरवी आणि शेंड्याकडची पिवळी, ही खूण. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवून संध्याकाळी पानांवर फवार, पंधरा दिवसांनी पुन्हा. उन्हात फवारलंस तर पानं करपतात. हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय शेणखत आणि पालापाचोळा, दरवर्षी, न चुकता. शक्य असेल तेव्हा या झाडांना बोअरऐवजी नळाचं किंवा तांदूळ-भाज्या धुतलेलं पाणी घाल. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी काळ्या मातीला नको, माती आणखी घट्ट होते.

लिंबाखाली गवताचा हट्ट सोड. तिथे पाचोळा तसाच पडू दे, वर दगडी बाक टाक, सासूबाई फेऱ्या झाल्यावर टेकतील. सावली जिथे विरळ होते त्या कडेला अबोली लाव. आपल्या उन्हात तिला दुपारची सावली मानवते आणि तुझ्या सासऱ्यांच्या वेळची आठवणही राहील. तिथेच गुलबक्षी टाक. तिला काही लागत नाही, उन्हाळ्यात वाळून गेली तरी खाली कंद असतो, पावसात पुन्हा येते. फुलं चार-पाच वाजता उमलतात, म्हणजे संध्याकाळच्या दिव्याच्या वेळेला ताजी.

पूजेच्या फुलांसाठी कडक उन्हाच्या बाजूला दोन वाफे कर. कुंपणालगत तगर आणि सदाफुली, ही दोन्ही दुष्काळातही सोडून जात नाहीत. दसऱ्यासाठी झेंडूचं बी जुलैत टाक, तीन-चार आठवड्यांची रोपं झाली की लाव, नंतर महिन्याभराने शेंडा खुड. खुडताना जीवावर येतं, पण त्यानेच झाड पसरतं आणि फुलं दुप्पट येतात.

शेवंती पावसाळ्यात लाव आणि एक गोष्ट बघून घे: मागच्या गल्लीतला दिवा वाफ्यावर पडतो का? शेवंतीला मोठी, अंधारी रात्र लागते, तेव्हाच ती कळी धरते. रात्रभर उजेडात असलेली शेवंती नुसती पाल्याने माजते. माझ्या शेजारणीने दोन वर्षं खतं बदलली, मग वाफा भिंतीआड नेला आणि त्या मार्गशीर्षात टोपल्या भरल्या.

मोगऱ्याचं पाणी हिवाळ्यात तोड, डिसेंबर-जानेवारीत छाटणी कर, फेब्रुवारीत खत देऊन पाणी सुरू कर. चैत्रात फुलं. आणि सगळ्या वाफ्यांवर उसाचं पाचट, चार बोटं जाड. सोलापूर जिल्ह्यात पाचटाला काय तोटा? लोक शिवारात जाळतात, ते बघून जीव तुटतो. पाचट घातलं की पाणी निम्म्यावर येतं आणि भेगा पडत नाहीत. बुंध्यापासून मात्र वीतभर लांब ठेव, वाळवी येते.

वर्षा

उद्यापासून राडारोडा उचलायला माणूस सांगितला आहे. शेवटचं एक विचारते: गवत जुलैत, मग शहाबादी फरशी आत्ताच गाडू की पावसानंतर?

शैलाकाकू (मंगळवेढा)

आत्ता नको. खोदलेली काळी माती पहिल्या पावसात फुगते आणि मग खाली बसते, फरशा तिरक्या होतील. दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन बसली की गाड, लावणीच्या आठवडाभर आधी. आणि चर खोदताना तळाशी मुरूम दाबून घे.