जुन्या फोर बाय फोरच्या इग्निशन कॉइल: एकच बदलू की सहाही?

चिखलवाट:
नमस्कार मंडळी, माझ्याकडे जुनी पेट्रोल फोर बाय फोर आहे, व्ही-सिक्स इंजिन, दर प्लगवर वेगळी इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारी). थंड असताना गाडी मस्त पळते पण लो रेंजमध्ये (हळू पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) बराच वेळ चढ चढत राहिलो की एकदम धक्के मारायला लागते, पिकअप जातो आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. बंद करून बॉनेट उघडं ठेवलं की थोड्या वेळाने परत ठीक. स्कॅनर लावला तर पी०३०५ हा एरर कोड येतोय. कॉइल सगळ्या मूळच्याच आहेत. गॅरेजवाला म्हणतो सहाही टाका. खरंच गरज आहे का? आणि घरी जमेल का हे काम, मल्टिमीटर आणि टॉर्क रेंच आहे माझ्याकडे.

टॅपेट:
पहिली गोष्ट, दिवा लुकलुकायला लागला की अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा, तसाच चढ रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन जळतं आणि तो आतून वितळतो, मग कॉइलपेक्षा कितीतरी मोठा खर्च बसतो.

पी०३०५ म्हणजे पाच नंबर सिलिंडर मिसफायर होतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाही, बस एवढंच. कॉइल गेली असं तो कोड म्हणत नाही, पाचव्या कॉइलच्या सर्किटचा कोड पी०३५५ असतो. म्हणून आधी अदलाबदल करा: पाचची कॉइल दोनवर, दोनची पाचवर, प्लग मात्र हलवायचे नाहीत. कोड क्लिअर करा आणि तोच चढ तसाच चढा. पी०३०२ आला तर कॉइलच गेलीय, पाचवरच राहिला तर प्लग, वायरिंग, इंजेक्टर नाहीतर कॉम्प्रेशन बघावं लागेल. इंजिन पूर्ण तापवूनच टेस्ट करा, कारण आतल्या वाइंडिंगचा दोष बऱ्याचदा गरम झाल्यावरच उघडा पडतो, तुमची लक्षणं अगदी तशीच आहेत. सिलिंडरचे नंबर मॅन्युअलमध्ये बघून घ्या, व्ही-सिक्समध्ये प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी.

मल्टिमीटरवर फार विसंबू नका. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये बहुतेक वेळा इग्नायटर (कॉइल चालू-बंद करणारं इलेक्ट्रॉनिक सर्किट) आतच असतो, तिथे ओहम मोजून काही कळत नाही.

रानगाडी:
टॅपेटशी सहमत, फक्त कॉइल उपसली की आधी प्लगच्या खड्ड्यात टॉर्च मारून बघा. तेल दिसलं तर व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट किंवा ट्यूब सील गळतंय, तेलाने कॉइलचा रबरी बूट फुगतो, मऊ पडतो आणि ठिणगी बाजूने हेडला पळते. बुटावर उभी बारीक काळी किंवा करडी रेघ दिसली की समजायचं ठिणगीने तिथून वाट काढलीय. गॅस्केट गळत असताना नुसती कॉइल बदलणं म्हणजे आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी. आपल्या गाड्या पाण्यातून जातात त्यामुळे खड्ड्यात पाणी आणि गंजही सापडतो.

प्लग झिजलेले असतील तर तेही टाका. गॅप वाढला की ठिणगी पाडायला जास्त व्होल्टेज लागतं, कॉइल आधीच बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो करत असते, तिच्यावरचा ताण अजून वाढतो आणि नवीन कॉइलही लवकर जाते.

काम घरी नक्की जमेल. इंजिन थंड हवं, बॅटरीची निगेटिव्ह काढा. कनेक्टरचं लॉक उष्णतेने कडकडीत झालेलं असतं, स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, आधी कनेक्टर कॉइलकडे थोडा दाबा मग लॉक दाबून ओढा. कॉइल सरळ ओढू नका, डावीउजवीकडे फिरवून बूट सुटा करा नाहीतर तो प्लगवरच राहतो. प्लग काढण्याआधी हवा मारून माती उडवा, ती सिलिंडरमध्ये पडली तर पंचाईत. नवीन प्लग हातानेच धरवा, टॉर्क मॅन्युअलप्रमाणे. बुटाच्या तोंडाला आतून डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणाऱ्या) ग्रीसचा पातळ हात द्या.

डिफलॉक:
माझं मत थोडं वेगळं. मागच्या बँकेसाठी (व्ही-सिक्समधली एका बाजूची तीन सिलिंडरांची रांग) इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनात हवा नेणारा भाग, काढावं लागत असेल तर त्या बाजूच्या तिन्ही कॉइल, प्लग आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट एकदमच करा, त्याच कामासाठी परत सगळं खोलण्यात अर्थ नाही. पुढची बँक सहज हाताला येते, तिथल्या चांगल्या कॉइल कशाला काढायच्या, सुक्याबरोबर ओलंही जाळण्यासारखं होईल. काढलेल्यांपैकी चालणाऱ्या असतील त्या गाडीतच ठेवा, रानात बंद पडली तर दहा नंबरच्या सॉकेटवर काम होतं.

बाकी वाचणाऱ्यांसाठी, २००० ते २००६ च्या जीप रँग्लरच्या ४.० लिटर इंजिनात सुट्या कॉइल नसतात, सहाही प्लगवर एकच पट्टी बसते आणि आत १-६, २-५, ३-४ अशा जोड्या असतात. तिथे अदलाबदल जमत नाही. जोडीतले दोन्ही सिलिंडर एकत्र मिसफायर दाखवत असतील तर त्या पट्टीवर संशय घ्या.

चिखलवाट:
सगळ्यांचे मनापासून आभार. अदलाबदल केली, चढावर गरम झाल्यावर पी०३०२ आला, म्हणजे कॉइलच. आणि पाचच्या खड्ड्यात तळाशी तेल होतं, बूट फुगून चिकट झालेला. आता व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, ट्यूब सील, सहा प्लग आणि मागच्या बँकेच्या तीन कॉइल मागवतोय. खड्ड्यातलं तेल कशाने साफ करू?

रानगाडी:
प्लग जागेवर असतानाच फडकं आणि ब्रेक क्लीनरने पुसून घ्या, पूर्ण उडून सुकू द्या, मगच प्लग काढा.